सोडलेलं आणि हरवलेलं

निता आडे माझ्या तासाला रोज दहा मिनिटं उशिरा यायची. मेडशीच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी तिचा तांडा. तिथून डांबरी सडकेपर्यंत पायी, मग एसटी, आमच्या जिल्ह्यातल्या मालेगावला गाडी बदलायची आणि वाशिमच्या स्टँडवरून आमच्या लॉ कॉलेजपर्यंत पुन्हा पायी. दारात उभी राहून "येऊ का म्याडम?" विचारायची आणि माझ्या उत्तराआधीच मागच्या बाकावर जाऊन बसायची. सुरुवातीला मला तो उद्धटपणा वाटला. मग लक्षात आलं, गेलेल्या दहा मिनिटांत तिला अकराव्याची भर घालायची नसायची.

मी तिथे तासिका तत्त्वावर शिकवते. दर जूनला नवा अर्ज, नवी मुलाखत, आणि त्याच चार माणसांसमोर तेच हसू. कायम नोकरीतले प्राध्यापक ज्याला हात लावत नाहीत ते माझ्याकडे येतं. न्यायशास्त्रातलं रोमन कायद्याचं प्रकरण त्यातलंच. परीक्षेत त्यावर फार तर एक टीप विचारतात, त्यामुळे पोरं तेवढा वेळ मोबाइल बघतात.

त्या दिवशी मी फळ्यावर वस्तूंचे प्रकार लिहीत होते. रेस नलियस, म्हणजे कोणाचीच नसलेली वस्तू. रानातला ससा, नदीतला मासा. जो धरेल त्याचा. रेस कॉम्युनेस, सगळ्यांचं. हवा, वाहतं पाणी. रेस डेरेलिक्टे, म्हणजे मालकाने स्वतः टाकून दिलेली वस्तू. ती उचलेल त्याची. पण हरवलेली वस्तू वेगळी, असं मी सांगितलं. गाडीतून पोतं पडलं म्हणून ते पोतं मालकाने सोडलं असं होत नाही. सोडायचं हे मनात असावं लागतं.

"म्याडम," मागून निता म्हणाली, "दुखण्याचा बैल जंगलात सोडला तं?"

वर्ग हसला. मीही थोडी हसलेच. म्हटलं, "परत न्यायचाच नाही म्हणून सोडला असेल, तर डेरेलिक्टे."

"आन् मंग ज्यानं वाचवला त्याचा?"

"बैलाचं जरा अवघड आहे." मी फळ्याच्या उरलेल्या कोपऱ्यात रेस मॅन्सिपी लिहिलं. रोमन लोकांच्या लेखी सगळ्यात मोलाच्या वस्तू या यादीत होत्या. जमीन, गुलाम, बैल, घोडा, खेचर, गाढव. शिवाय दुसऱ्याच्या शेतातून जायच्या वाटेचा आणि पाण्याचा हक्क. या वस्तू नुसत्या हातोहात देऊन चालत नसे. पाच साक्षीदार आणि तराजू धरणारा एक माणूस उभा करून विधी करावा लागे. "तसा बैल नुसता उचलून पूर्ण मालकी येत नव्हती. पण एक वर्ष उजळ माथ्यानं सांभाळला, की यायची. त्याला युजुकापियो म्हणतात."

तिने ते लिहून घेतलं. वर्गात लिहून घेणारी ती एकटीच होती.

तास संपल्यावर ती टेबलाशी आली तेव्हा कळलं की बैल खरा होता.

जनावरांत लम्पीची साथ आली त्या वर्षातली गोष्ट. पोळा होऊन आठवडाही झाला नव्हता. निताची आई रामीबाई लाकडं आणायला टेकडीमागच्या जंगलात गेली होती. तिथे नाल्याच्या काठावर एक पांढरा बैल पडलेला होता. अंगभर गाठी, पुढचा पाय सुजून खांबासारखा झालेला, डाव्या कानाची पाळी फाटलेली आणि त्या जखमेत अळ्या. सरकारी डॉक्टर कानात पिवळा बिल्ला मारतात त्या जागी मांस लोंबत होतं. कावळे जवळ येऊन बसले होते. रामीबाईने लाकडाची मोळी तिथेच टाकली, लुगड्याच्या पदराने कावळे हाकलले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिली. बैल उठत नव्हता आणि तिला त्याला सोडून येववत नव्हतं. शेवटी निता आणि तिचे वडील फुलचंद शोधत आले. तिघांनी पोटाखालून दोर घालून त्याला उभा केला. तांड्यापर्यंतचं अंतर अर्ध्या तासाचं. त्यांना दुसऱ्या दिवशी दुपार झाली.

रामीबाईने त्याचं नाव ठेवलं धोळ्या. त्यांच्या बोलीत धोळो म्हणजे पांढरा.

फुलचंद आणि रामीबाई दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. कोयता जोडप्याचा असतो. एकाने तोडायचं, एकाने मोळी बांधून वाहायची. त्या वर्षी रामीबाई गेली नाही. "हा मरून जाईन मी गेली तं," एवढंच म्हणाली. फुलचंद तिला खूप बोलला. आपल्याले पोटाले नाई आन् तू बैलाची आई बनून राह्यली, असंही बोलला. मग भावाला जोडीला घेऊन तो तिच्याविना गेला.

रामीबाईने तो हिवाळा लोकांच्या तुरी सोंगत काढला. रोज घरी येताना बैलासाठी कुटाराचं, म्हणजे भुश्याचं ओझं. कडुनिंबाचा पाला उकळून गाठी धुवायच्या, जखमेत हळद आणि तेल भरायचं, रात्री पाय शेकायचा. जनावरांच्या शिबिरात डॉक्टर आले तेव्हा तिने त्यांना हाताला धरून गोठ्यात आणलं. होळीच्या सुमाराला धोळ्या लंगडत का होईना, स्वतःहून पाण्यावर जायला लागला. पेरणीपर्यंत तो औताला खांदा देऊ लागला. तांड्याचा नायक हरिसिंग, त्याच्याकडेही एकच बैल उरला होता. दोघांनी मिळून जोडी केली. आज याच्या वावरात डवरणी, उद्या त्याच्या. हरिसिंग म्हणायचा, "रामीबाई, तुया बैलानं मायं वर्ष वाचवलं." निता मला हे सगळं सांगायची तेव्हा तिचा आवाज वेगळा यायचा. आईबद्दल बोलताना मुली सहसा चिडतात किंवा रडतात. ती अभिमानाने बोलायची.

पुढचा पोळा अधिक महिन्यामुळे उशिरा आला. त्या पोळ्याला रामीबाईने धोळ्याच्या शिंगांना बेगड लावली आणि त्याला मोठ्या गावात मिरवायला नेलं. तेच चुकलं म्हणायचं असेल तर म्हणावं.

तिथे नानाजी लहाने यांनी त्याला पाहिलं. चाळीस एकराचा माणूस. तांड्याच्या आणि सडकेच्या मध्ये त्यांचंच वावर. लम्पीनंतर चांगल्या बैलांचे भाव चढले होते, आणि धोळ्याचा जोडीदार त्यांच्या गोठ्यात वर्षभर एकटा उभा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोन माणसं घेऊन तांड्यावर आले. "माया हरवलेला बैल तुमी लपवून ठेवला," म्हणाले. रामीबाई गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली. तेव्हा ते चौकीला गेले आणि चोरीचा अर्ज दिला.

त्याच दुपारी निता कॉलेजात आली. त्या दिवशी तास नव्हता. स्टाफरूमच्या दारात उभी राहून म्हणाली, "म्याडम, एक वर्ष झालं. पंधरा दिवस वरतीच झाले. तुमी सांगतलं होतं, एक वर्ष."

मी तिला समजावलं, की ते रोमचं. आपल्याकडे तसा कायदा नाही. आपल्याकडे त्यांनी बैल खरंच टाकून दिला होता हे दाखवावं लागेल, आणि ते त्यांच्या मनातलं आहे. ते म्हणणार, हरवला होता.

"रोममधी असती तं माई याडी जितली असती?"

याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. "बहुतेक," मी म्हटलं.

ती दारातून आत आली. मग म्हणाली, "उद्या अकरा वाजता चौकीत बोलावलं. तुमी येसान का? तुमी नुसत्या बसल्या तरी जमते. ते लोक आमाले बोलूच देत नाईत."

नानाजी लहाने आमच्या संस्थेच्या एका संचालकांचे व्याही. हे मला माहीत होतं, नितालाही माहीत असावं. मी म्हटलं, "उद्या माझी परीक्षेची ड्यूटी आहे गं." ड्यूटी नव्हती. तिने मान हलवली, आणि त्या मान हलवण्यातच मला कळलं की तिला कळलं आहे.

चौकीत काय झालं ते मला तिने नाही, गावातल्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं. जमादारासमोर नानाजी खुर्चीवर बसले होते. रामीबाई आणि फुलचंद भिंतीशी उभे. निता त्यांच्या पुढे. नानाजींनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि टेबलावर एक पिवळा प्लास्टिकचा बिल्ला ठेवला. "हा पाहा नंबर. डॉक्टरकडच्या नोंदीत माया नावावर हाये. याहून काय पुरावा पायजे?"

जमादाराने नंबर डॉक्टरच्या नोंदीशी जुळवून पाहिला. जुळत होता. तो म्हणाला, "बाई, बैल याहीचाच हाये. देऊन टाका."

तेव्हा निताने विचारलं, "काका, हा बिल्ला बैलाच्या कानात होता ना?"

"मंग? तुया कानात होता का?" नानाजी म्हणाले. सोबतची माणसं हसली.

"बैल हरवला म्हणता. हरवला तं बिल्ला त्याच्यासंगं जायला पायजे. हा तुमच्या घरी कसा राह्यला?"

हसणं थांबलं. नानाजी म्हणाले की कुंपणाच्या तारेत अडकून तुटला असेल, गड्याला सापडला असेल.

"कवा सापडला?"

"लम्पीतच सापडला असंन."

"मंग तवा बैल हरवल्याचा अर्ज काहून नाई दिला? बैल मेला असं तं तुमी तवा लिहून दिलं, काका. लम्पीत मेलेल्या जनावरांच्या सरकारी मदतीच्या यादीत नाव हाये तुमचं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली होती ते यादी. मी फोटो काढला."

तिने मोबाइल टेबलावर ठेवला. यादीत नाव होतं: नानाजी लहाने, बैल एक, मृत.

जमादार बराच वेळ मोबाइलकडे पाहत राहिला. मग बिल्ला नानाजींकडे सरकवून म्हणाला, "दादा, हे वाढवू नोका. तुमालेच जड जाईन. मेलेल्या बैलाची चोरी मी कशी लिहू?"

म्हणजे ती जिंकली. लायब्ररीत बसून एकटीने वाचून, वकील न करता, माझ्याशिवाय. रामीबाई घरी जाताना सडकेवर मोठ्याने हसत होती, असं तो ओळखीचा माणूस म्हणाला.

तीन आठवड्यांनी नानाजींनी वावराच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची वाट बंद केली.

तांडा बसला तेव्हापासूनची ती वाट. पोरं शाळेत जायची ती तिथूनच, बाळंतीण दवाखान्यात न्यायची ती तिथूनच. दुसरा रस्ता नाल्याकडून वळसा घालून. पावसात गुडघाभर चिखल. नानाजींनी दोन्ही टोकांना काटेरी तार ओढली. सोयाबीन सोंगायला आलं होतं. शेंगा वाळून तडकायच्या बेतात, आणि मळणीयंत्र नाल्याच्या वाटेने येऊ शकत नव्हतं.

नानाजींनी कोणाला शिवी दिली नाही, धमकी दिली नाही. हरिसिंगला बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "वाट माया वावरातली. पोरगी कायदा शिकली ना? मंग कायद्यानं घ्या."

त्या संध्याकाळी हरिसिंग चार जाणत्यांना घेऊन फुलचंदच्या अंगणात आला.

"रामीबाई, बैल देऊन टाक."

"तूच म्हणे ना, बैलानं वर्ष वाचवलं?"

"तवाचं तवा. आता साऱ्या तांड्याचं सोयाबीन वावरात उभं हाये. एका बैलासाठी तीस घरं मारतं का?"

निता मध्ये पडली. म्हणाली, "काका, वाट आपल्या हक्काची हाये. इतक्या वर्षांची वहिवाट हाये. आपण सारे मिळून तहसीलीत अर्ज देऊ, आठ-पंधरा दिवसांत…"

"पंधरा दिवसांत शेंगा फुटून जमिनीवर पडतीन," हरिसिंग म्हणाला. "तुया हक्क मळणीयंत्रात घालतं का?"

फुलचंद उठला, गोठ्यात गेला आणि धोळ्याचा कासरा सोडला. रामीबाईने पळत जाऊन कासऱ्याचं दुसरं टोक धरलं. नवरा-बायको दोघं त्या दोराला धरून उभे, मध्ये बैल. "सोड," फुलचंद म्हणाला. "लोकं थुंकतीन आपल्यावर." तिने लगेच सोडला नाही. तिने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. ज्यांच्या वावरात धोळ्याने डवरा ओढला होता, त्यातले दोघं तिथेच उभे होते. मग तिने कासरा हातातून टाकला आणि घरात गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तार निघाली. मळणीयंत्र तांड्यात आलं. सोयाबीन झालं. दिवाळी झाली आणि रामीबाई कोयता घेऊन फुलचंदबरोबर ऊसतोडीला निघून गेली. नानाजींनी धोळ्याला रब्बीभर राबवला आणि वैशाखात जोडी विकून ट्रॅक्टर घेतला. बैल कुठे गेला कोणाला ठाऊक नाही.

निता मात्र थांबली नाही. शेवटच्या वर्षाला होती. नानाजींनी आता तारेऐवजी वाटेवर लोखंडी फाटक बसवलं होतं. दिवसा उघडं, संध्याकाळी कुलूप. कोणाला ताप आला तर नानाजींच्या घरी जाऊन किल्ली मागायची. निताने वाटेसाठी अर्ज तयार केला. मला दाखवायला आणला नाही. मी दुसऱ्या मुलीकडून पाहिला. चांगला होता. नकाशा, शाळेचे दाखले, मतदार यादी, सगळं जोडलेलं. ती तीस घरं फिरली. सही करतो म्हणणारे होते, करणारा एक नाही. फुलचंदनेही केली नाही. अर्जावर शेवटी एकच अंगठा होता, रामीबाईचा.

तहसीलीतल्या सुनावणीला मी गेले. का गेले, मला नीट सांगता येणार नाही. मागच्या बाकावर बसले. निताने मला पाहिलं आणि नजर काढून घेतली.

नानाजींच्या वकिलाने साक्षीला हरिसिंगलाच उभं केलं.

"वाट बंद आहे का?"

"नाई जी. खुली हाये."

"कोणी अडवतं?"

"नाई. नानाजी आमाले जाऊ देतेत. भला माणूस हाये. रातबेरात गेलो तरी किल्ली देतेत."

"म्हणजे त्यांच्या परवानगीनं जाता."

"हो जी. त्याहीच्या परवानगीनं. त्याहीची मेहरबानी हाये."

निताने डोळे मिटून घेतले. तिला काय दिसलं ते त्या खोलीत तिला, वकिलाला आणि मला, आम्हा तिघांनाच कळलं होतं. जे हक्काने वापरलं ती वहिवाट. जे मागून वापरलं त्याची वहिवाट कधीच होत नाही, शंभर वर्षं वापरलं तरी. हरिसिंगने हात जोडून, मनापासून आभार मानत, आपल्या नातवंडांची वाट देऊन टाकली होती. निता उठली आणि तिने उलट विचारलं, "काका, फाटक बसायच्या आधी कोणाले विचारून जात होते तुमी?"

हरिसिंगने नानाजींकडे पाहिलं. "तवाबी त्याहीचीच मेहरबानी होती," तो म्हणाला.

महिन्याभराने निकाल आला. सदर रस्ता सामनेवाले यांच्या परवानगीने वापरात असल्याचे साक्षीदाराने मान्य केल्याने अर्ज नामंजूर. तहसीलीच्या पायऱ्यांवर निता तो कागद आईला वाचून दाखवत होती. मी जवळ गेले.

"निता, याच्यावर अपील करता येतं. मी मसुदा करून देते."

तिने कागदाची घडी केली. "कोणासाठी म्याडम? ज्याहीच्यासाठी करायचं ते तं खुश हायेत." मग अगदी शांतपणे, "तुमची ड्यूटी नाई का आज?"

रामीबाई माझ्याकडे पाहत होती. मी कोण हे तिला माहीत नव्हतं. तिने मुलीला विचारलं, "कोन हाये वं?"

"कॉलेजच्या म्याडम हायेत," निता म्हणाली. "हुशार हायेत."

निता परीक्षा पास झाली, सनद घेतली. आता वाशिमला एका वकिलांकडे ज्युनिअर आहे, घटस्फोटाच्या आणि चेकच्या केसेस बघते. कोर्टाच्या आवारात भेटली तर नमस्कार करते. तांड्यातलं कोणी काम घेऊन आलं तर ते साहेबांकडे पाठवते, स्वतः फाइल उघडत नाही. हरिसिंगचा मुलगा एकदा आला होता. नानाजींच्या मुलाने फाटकाला दिवसाही कुलूप लावायला सुरुवात केली होती. निताने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि त्याच्या वडिलांच्या साक्षीची नक्कल त्याच्या हातात ठेवली.

रामीबाई अजून ऊसतोडीला जाते. पावसाळ्यात घरी असली की सडकेवर यायला ती नाल्याकडूनच येते. फाटक उघडं असलं तरी तिथून नाही. डोक्यावर ओझं असतं, गुडघ्यापर्यंत चिखल असतो. तांड्यातल्या बाया फाटकातून पुढे जाऊन एसटीच्या थांब्यावर उभ्या असतात, आणि ती चिखलाचे पाय घेऊन पोचते तेव्हा तिच्याकडे पाहून हसतात.